पिसू कोणाच्या घरची?

गेल्या महिन्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. ती आणि जावई तीन आठवडे बाहेरगावी होते, मांजर तेवढ्यापुरते एका मैत्रिणीकडे ठेवले होते. परत आल्यावर कुलूप काढले, बॅगा आत घेतल्या आणि पाच-दहा मिनिटांत दोघांच्याही घोट्यांना काहीतरी कडकडून चावायला लागले. ढेकूण म्हणावेत तर गादीला अजून कोणी पाठ टेकली नव्हती. डास म्हणावेत तर ते दिसायला, निदान ऐकू यायला हवेत. "बाबा, तिळाहून लहान, काळं काहीतरी पायावर दिसतं आणि बोट नेलं की गायब होतं," ती म्हणाली.

"पिसवा," मी म्हणालो.

पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. आपल्या घरात उंदीर आहे हे माणूस हसत सांगतो, झुरळे आहेत हे सुस्कारा टाकून सांगतो. पिसवा म्हटले की मात्र कोणीतरी आपल्या कुळाचा उद्धार केल्यासारखा चेहरा होतो. मग मुलगी म्हणाली, "पण सातव्या मजल्यावर पिसवा येतील कशा? आमच्या कामाच्या ताईंकडे किल्ली होती, झाडांना पाणी घालायला. त्यांच्याबरोबरच आल्या असणार. त्यांना थोडे दिवस येऊ नका म्हणून सांगू का?"

तिला म्हटले, ताईंना आत्ता काही सांगू नकोस, आधी मी सांगतो तेवढे कर. फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण हाच प्रश्न १९९४ साली माझ्या घरात निघाला होता. तेव्हा ही मुलगी पाच वर्षांची होती आणि उत्तर मी दिले होते.

घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा शाखेत होतो. भाड्याचे कौलारू घर, पुढे ओटी, मागे पडवी, वर माळा. माजघराची जमीन सारवणाची, जागोजागी भेगा पडलेली. गणपतीला आम्ही सगळे कोकणात गेलो ते अनंत चतुर्दशी करूनच परतलो. घर पंधरा दिवस बंद होते. परतल्या दिवशी संध्याकाळी मुलीचे पाय गुडघ्यापर्यंत लाल पुटकुळ्यांनी भरले. बायकोचे तेच. मी पॅन्ट आणि मोजे घालून वावरणारा, म्हणून थोडक्यात सुटलो. आणि नेमक्या त्याच आठवड्यात सुरतेच्या बातम्या येऊ लागल्या.

ज्यांनी तो सप्टेंबर पाहिला आहे त्यांना सांगायला नको. सुरतेहून माणसांचे लोंढे निघाले होते. एस.टी. स्टँडवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसे उतरत. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. आमच्या बँकेत लोक पैसे मोजताना थुंकी लावायचे थांबले. कॅशियरने आनंदाने सांगितलेली ती एकच गोष्ट. प्लेग उंदरांमुळे आणि पिसवांमुळे होतो एवढे सगळ्यांनी शाळेत वाचलेले होते. त्यामुळे मॅनेजरच्या घरात पिसवा आहेत ही बातमी गल्लीत अर्ध्या दिवसात पसरली.

पिसवा आणल्या कोणी, याचाही निकाल गल्लीने लगोलग लावला. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी बाजारामागच्या वस्तीत राहत. तिथे धान्याची गोदामे आणि उंदीर भरपूर. "साहेब, लहान मूल आहे घरात," असे शेजारच्या काकांनी मला बाजूला घेऊन सांगितले. बायको म्हणत होती, अहो, घर बंद होते, त्या आल्याच नव्हत्या. पण घाबरलेल्या माणसाला हिशेब पटत नाही, मग तो बँकेत का असेना. मी मावशींच्या हातावर एका महिन्याचा पगार ठेवला आणि तूर्त येऊ नका म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. पैसे पदराला बांधले आणि गेल्या. गल्लीतल्या आणखी तीन घरांनी दुसऱ्या दिवशी त्यांचे काम बंद केले. मॅनेजरसाहेबांनीच काढले म्हटल्यावर त्यांनी का ठेवावे?

पिसवा अर्थातच राहिल्या.

या प्राण्याविषयी मी नंतर पुष्कळ वाचले. अपराधी माणूस वाचतो तसे. पिसवांच्या सुमारे अडीच हजार जाती शास्त्राला ठाऊक आहेत. त्यांतल्या एकीला माणसाची पिसू असेच नाव आहे, पण आजच्या शहरी घरात ती क्वचितच भेटते. आपल्याला चावते ती बहुतेक वेळा मांजराची पिसू. कुत्र्यांच्या अंगावरही पुष्कळदा तीच सापडते. इतिहास घडवला तो उंदराच्या पिसूने, तिच्याकडे पुढे येऊ. पिसूला पंख नसतात. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे, म्हणून ती केसांच्या दाटीतून सहज सरकते आणि चिमटीत चिरडत नाही. नखावर नख ठेवावे लागते. तिची उडी म्हणजे गलोल आहे. मागच्या पायांच्या मुळाशी रेझिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनाची गादी असते, ती दाबून अडकवून ठेवायची आणि एकदम सोडायची. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात सूक्ष्मदर्शकाखालच्या पिसूचे चित्र दिले ते घडी उलगडून पाहावे लागेल एवढे मोठे. ते चित्र पाहिले की हा किडा चिलखत घालून लढाईला निघाल्यासारखा वाटतो.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. पिसू जनावराच्या अंगावर राहते, तिथेच रक्त पिते, तिथेच अंडी घालते. पोट भरलेली मादी दिवसाला चाळीस-पन्नाससुद्धा. ही अंडी उवेच्या लिखेसारखी केसाला चिकटत नाहीत. जनावर जिथे झोपते, अंग झाडते, तिथे ती मिठाच्या दाण्यांसारखी खाली ओघळतात. त्यांतून दोऱ्यासारख्या अळ्या निघतात. त्यांना उजेड नको असतो. त्या फटीत, गालिच्याच्या बुडाशी, सोफ्याखाली शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतले वाळलेले रक्त खाऊन वाढतात. मग कोष. कोष चिकट असतो, त्याला धूळ आणि केस लागले की तो धुळीपासून वेगळा ओळखता येत नाही. आत तयार झालेली पिसू बाहेर येण्याची घाई करत नाही. वर कोणी चालल्याचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कर्बवायू अशी काही खूण मिळेपर्यंत ती महिनोन्‌महिने तशीच बसू शकते.

बंद घराचे कोडे इथे सुटते. घरात माणूस नाही, जनावर नाही, तोवर कोष गप्प. कुलूप उघडून चार पावले टाकली, बॅगा आपटल्या, की सगळ्यांना एकदम वर्दी मिळते आणि पंधरा दिवसांची साठलेली भूक एका संध्याकाळी तुमच्या घोट्यांवर येते. ज्याला वाटते की आपल्या गैरहजेरीत कोणीतरी पिसवा आणून सोडल्या, त्याने त्या स्वतःच मागे ठेवून कुलूप लावलेले असते.

बँकेत नवीन आलेल्या मुलांना मी सांगायचो की काउंटरवरच्या रोकडीवरून शाखेचा अंदाज करू नका. पिसवांचे तसेच आहे. घरात उड्या मारताना दिसतात त्या ढोबळमानाने शंभरात पाच. बाकी पंच्याण्णव अंडी, अळ्या आणि कोष या रूपात जमिनीत जमा असतात. आपण फवारा मारतो तो या पाचांवर. पुन्हा, मांजराची पिसू माणसाच्या अंगावर मुक्काम करत नाही. चावते आणि उतरते. एखादी कोणाच्या कपड्यावरून दुसऱ्या घरात जाईलही, नाही असे नाही. पण घरभर पिसवा झाल्या असतील तर त्यामागे जनावराची झोपायची जागा असते. आमच्या घरात ती माळ्यावर होती.

मावशींना काढल्यानंतर आठ-दहा दिवसांनी रात्री वर म्यांव ऐकू आले. शिडी लावून शिपायाने पाहिले तर जुन्या गोणपाटावर मांजरी आणि चार पिल्ले. कौल सरकलेले होते, तिथून ती आमच्या बऱ्याच आधीपासून ये-जा करत असावी. पिल्लांची अंगे पिसवांनी काळी झालेली. आता गुन्हेगार सापडला म्हणून आम्ही सगळे कुटुंब पाटीत घालून गावाबाहेर पोचवले आणि गोणपाट जाळले. त्या रात्रीसारखी रात्र आम्ही काढली नाही. माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून पिसवा खाली येत होत्या, मुलगी रडून रडून झोपली. दुसऱ्या दिवशी मी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मांजर नेलंत आणि पिसवा घरी ठेवल्यात. त्यांनी आता खायचं कोणाला?"

हे वाक्य ऐकले तेव्हा मला ठाऊक नव्हते की तेच शिकायला या प्रांताने शंभर वर्षांपूर्वी फार मोठी किंमत मोजली आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागातल्या रुग्णांवरून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू येर्सिन यांना हाँगकाँगमध्ये दोनच वर्षे आधी, १८९४ मध्ये सापडला होता. पण तो माणसात शिरतो कसा, हे कोणाला माहीत नव्हते. सरकारचा समज असा की घाण, दमट हवा आणि माणसाचा संसर्ग हे त्याचे मूळ. म्हणून गटारांतून कार्बोलिक ॲसिड सोडले गेले, घरांची कौले उतरवून ऊन आत घेतले गेले, चुना फासला गेला, अंथरुणे-पांघरुणे जाळली गेली. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या हुकमाखाली सोल्जर घराघरांत घुसले, स्वयंपाकघरात, देवघरात गेले, माणसे उचलून छावण्यांत नेली. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. पाठ नसते ते हे की ज्या झडतीसाठी एवढा अनर्थ झाला त्या झडतीत सोल्जर माणूस शोधत होते. रोग भिंतीतल्या बिळात होता.

लोकांना काहीतरी अंदाज होता. "उंदीर पडले" की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, ही चाल आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. ती अडाणीपणाची मानली गेली, आणि नेमकी तीच शहाणपणाची होती. प्लेगने उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की पिसवा त्याला सोडतात आणि जवळची ऊब शोधतात. घरात माणूसच नसेल तर त्या उपाशी मरतात. आणि त्यांच्या अंड्यांतून प्लेगचा जंतू पुढच्या पिढीत जात नाही.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने २ जून १८९८ रोजी कराचीत एका हॉटेलच्या खोलीत हे सिद्ध केले. काचेच्या मोठ्या भांड्यात प्लेगने मरणारा, पिसवा असलेला उंदीर. त्याच भांड्यात तारेच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर, दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही असा. पहिला मेला. थोड्याच दिवसांत दुसराही प्लेगने मेला. मध्ये ये-जा केली होती ती पिसवांनी. सिमाँने हे त्याच वर्षी प्रसिद्ध केले आणि पुढची कित्येक वर्षे कोणी त्याला विचारले नाही. इतका मोठा रोग आणि इतका क्षुद्र किडा, हे मोठ्या माणसांच्या गळी उतरेना.

शेवटी उत्तर मुंबईतच मिळाले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, जिथे आज हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, १९०५ पासून प्लेग कमिशनच्या डॉक्टरांनी काम केले. त्यांत ग्लेन लिस्टन हे मुख्य नाव. ज्या घरांत प्लेगने माणसे गेली होती त्या घरांत त्यांनी गिनीपिग ठेवले. मोकळे सोडलेले मेले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातलेही मेले. दोन फुटांवर टांगलेले वाचले, कारण उंदराच्या पिसूची उडी तिथवर पोचत नाही. हवा तीच, घर तेच, घाणही तीच. फरक दोन फुटांचा. मला हा प्रयोग एखाद्या चांगल्या ताळेबंदासारखा वाटतो, कोणाच्या मताला त्यात जागाच नाही. पुढे १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी आतली यंत्रणाही दाखवली. प्लेगचे जंतू पिसूच्या जठराच्या तोंडाशी साचून वाट बंद करतात. प्यालेले रक्त खाली उतरत नाही. भुकेने वेडी झालेली पिसू चावत सुटते आणि दर चाव्यात अडलेले रक्त जंतूंसकट परत ओतते.

१९९४ चेही याच रीतीने वाचले पाहिजे. सुरतेची भीती जगभर गेली, पण तो फुप्फुसाचा प्लेग होता, खोकल्यावाटे माणसाकडून माणसाकडे जाणारा. पिसवांची गोष्ट घडली ती आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला या गावी. ऑगस्टमध्येच तिथले लोक पिसवांनी हैराण झाल्याची तक्रार करत होते, उंदीर पडत होते. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. धास्तीने लोकांनी घरे सोडली, धान्य आतच राहिले आणि उंदरांचे फावले, असे त्यावेळी जाणकारांनी सांगितले. पिसवा वाढल्या अशी खेड्यातल्या माणसाची तक्रार आली तर ती आरोग्य खात्याने खाजेची तक्रार म्हणून फाइलला लावू नये, एवढे तरी त्यातून आपण शिकायला हवे होते. विष न घालता उंदीर मरून पडताहेत आणि पिसवा चावताहेत, अशा दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर मेल्या उंदराला हात न लावता त्याच दिवशी आरोग्य केंद्राला किंवा नगरपालिकेला कळवावे. तिथे कामाचा क्रमही ठरलेला आहे: आधी बिळांत आणि उंदरांच्या वाटांवर पिसू मारणारी पावडर, मग उंदराला विष. उलट केले तर यजमान मेलेल्या सगळ्या पिसवा आपल्या दारी येतात. आमच्या भाषेत, आधी वसुली, मग खाते बंद.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. तुमच्याआमच्या फ्लॅटमधल्या मांजराच्या पिसवांतून प्लेग होत नाही म्हटले तरी चालेल. खाज, पुटकुळ्या, खाजवून झालेली जखम, एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. साबणाने धुवावे, बर्फ लावावा, कॅलामाइन लावावे. मुलांची नखे कापावीत. पिसवा चावल्यानंतर काही दिवसांनी ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आले तर डॉक्टरांना पिसवांचा उल्लेख आवर्जून करावा, कारण पिसवांतून पसरणारा एक टायफस ताप आहे आणि विचारल्याशिवाय तो सुचत नाही. लहान मुलाने खेळताना पिसू गिळली तर क्वचित कुत्र्या-मांजराची पट्टकृमी त्याच्या पोटात जाते.

तर मुलीला मी काय करायला सांगितले? आधी खात्री. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून सगळ्या खोल्यांतून हळूहळू फिर. जिथे मोज्यांवर काळे ठिपके चढतील ती खोली लिहून ठेव. रात्री जमिनीवर एका पसरट ताटलीत साबणाचे पाणी ठेव आणि त्यावर टेबललॅम्प लाव. उजेडाकडे आणि उबेकडे पिसवा उड्या मारतात, पाण्यात पडतात, साबणामुळे वर येत नाहीत. याने पिसवा संपत नाहीत, पण रोजची मोजदाद होते. मांजर घरी आणल्यावर बारीक दातांच्या फणीने विंचर. फणीत काळी रवाळ पूड आली तर ती ओल्या पांढऱ्या कागदावर टाक. भोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेले रक्त, म्हणजे पिसूची विष्ठा.

मग मांजराला डॉक्टरांकडे ने आणि मानेवर लावायचे औषध त्यांच्याकडूनच घे. इथे लोक फार चुकतात. रॉकेल, फिनेल, झुरळांचा फवारा जनावराच्या अंगाला लावतात. ते चाटून जनावर मरते. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजराला विषच आहे. आणि मांजर सोडून देण्याचा विचार मनात आणू नकोस, तो आम्ही करून पाहिला आहे. औषध लावलेले मांजर घरात वावरले की कोषांतून निघणाऱ्या पिसवा सवयीने त्याच्याच अंगावर जातात आणि मरतात. याहून चांगला सापळा बाजारात मिळत नाही.

खरे काम जमिनीवर. मांजर झोपते त्या चादरी, अभ्रे, पायपुसणी कढत पाण्यात, साठ अंशांच्या आसपास, धुवायची. न धुता येणाऱ्या गाद्या कडक उन्हात टाकायच्या. आपल्या आज्या गाद्यांना ऊन दाखवत त्यात अर्थ होता, अंडी आणि अळ्या कोरड्या उष्णतेत टिकत नाहीत. रोज व्हॅक्यूम क्लीनर, सोफ्याखाली, कोपऱ्यांत, दाराच्या चौकटीलगत; आतला कचरा लगेच पिशवीत बांधून बाहेर. त्याच्या हादऱ्याने कोषांतल्या पिसवा बाहेर येतात, तेही हवेच असते. सारवणाच्या जमिनीत भेगा असतील तर त्या बुजवून घ्याव्यात. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलेच तर पिसवांची वाढ रोखणारे औषध त्यात आहे का, एवढे विचारावे; नुसत्या धुराने सोफ्याखालची अळी मरत नाही. आणि हे सगळे करूनही दोन-चार आठवडे पिसवा दिसत राहतील. कोषाला कोणतेही औषध धड भेदत नाही. त्यांतून निघाल्या की मराव्यात एवढीच व्यवस्था आपल्या हातात असते. आठव्या दिवशी हताश होऊन नवा फवारा आणि नवा गुन्हेगार शोधणारी माणसे हरतात.

गुन्हेगारावरून आठवले. हल्ली गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर कामवाल्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट असते, पार्किंगमधल्या मांजरांना खायला घालणाऱ्याला दंड असतो. पार्किंगमधल्या त्याच मांजरांवर पशुवैद्याकडून वर्षातून काही वेळा पिसवांचे औषध लावून घेण्याचा ठराव मात्र मी अजून कुठल्या सभेत पाहिलेला नाही. त्याला येणारा खर्च एका लिफ्टच्या दुरुस्तीपेक्षा कमीच असेल.

१९९४ च्या ऑक्टोबरअखेरीस आमचे घर पिसवांतून मोकळे झाले. मी शिपायाला मावशींकडे पाठवले. खोलीला कुलूप होते. गल्लीतली चारही कामे सुटल्यावर त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीच्या टोळीत गेल्या होत्या. मुलगा दुसरीत होता, त्यालाही बरोबर नेले होते, असे शेजारणीने सांगितले. पुढच्या मे महिन्यात माझी बदली झाली. गल्लीत मी कोणाला माळ्यावरच्या मांजराविषयी सांगितले नव्हते.

मुलीने सगळे नीट केले. मांजर दोन महिन्यांपूर्वीच त्यांनी पार्किंगमधून उचलून आणले होते. ओल्या कागदाची परीक्षा त्याने पहिल्याच फणीला दिली. ताटलीत पहिल्या रात्री अकरा पिसवा, दुसऱ्या आठवड्यात चार-पाच, गेल्या रविवारी एक. त्याच दिवशी भांडी घासता घासता ताईंनी तिला सांगितले, "मला तर तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवसापासून चावत होत्या. कुंड्यांना पाणी घालायला आले की पाय नुसते पेटायचे." मग फोन का नाही केला, असे मुलीने विचारले.

"कशाला करू? तुम्ही म्हणाला असतात, माझ्याच घरून आणल्या."